दुसऱ्याच्या तोंडातलं

देसूरच्या नरसूला मी सव्वीस वर्षं वाक्यं पुरवली,
विंगेत पाटावर बसून, कंदिलाची वात बारीक करून.
तो अडखळायचा नाही. थांबायचा.
पहिल्याच हंगामात, खानापूरच्या जत्रेत,
मी घाईनं शब्द फेकला
तर अंक पडल्यावर आत आला, मिशी उपटत म्हणाला,
"इसरलो नव्हतो रे मर्दा.
लोकांस्नी जरा तहान लागू दे की."

दिवसा शहापुरात माग चालवायचा.
स्वगतं पाठ केली ती धोट्याच्या जाण्या-येण्यावर,
म्हणून त्याच्या रडण्यातही खटका होता,
डावीकडून उजवीकडे. मग परत.

मग सिनेमा.
इन्स्पेक्टर, सावकाराचा मुनीम,
मध्यंतराआधी मरणारा थोरला भाऊ.
बेंगळुरात म्हणाले, कानडी बरी आहे,
पण मराठीचा वास येतो.
कोल्हापुरात म्हणाले, मराठी बरी आहे,
पण हेल तिकडचा.
दोन्हीकडे चेहरा ठेवून घेतला
आणि आवाज फाटकावरूनच परत पाठवला,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा.
सतरा सिनेमे. एकातही तो बोललेला नाही.

पहिला लागला तेव्हा बायकोला घेऊन गेला, मलाही.
अंधारात शांतव्वा त्याच्या कानाशी लागली,
"ह्यो कोण बोलाय लागलाय तुमच्या तोंडात?"
नरसू हसला.
येताना पावशेर कुंदा घेतला, दोघांना वाटला,
स्वतः बोटसुद्धा लावलं नाही.

परवा दुपारी टीव्हीवर तोच लागला.
माग विकला त्याला आता बरीच वर्षं झाली,
भिंतीवर त्याच्या खुणा आहेत फक्त.
नरसू खाटेवरून नातवाला म्हणाला, आवाज बंद कर.
डब्यात तरणा इन्स्पेक्टर ओठ हलवत राहिला
आणि इकडे म्हातारा त्याला बोलणं घालू लागला,
अर्धं कानडी, अर्धं मराठी,
जिथं जे बसेल ते.
बसत होतं. देवाशपथ, बसत होतं.

मग गप्प झाला.
पडद्यावरचे ओठ पुढं गेले.
माझी जीभ सवयीनं उठली,
वाक्य दातांपर्यंत आलं,
तर त्यानं न बघता हात वर केला.
"तडी," म्हणाला. "थांब की."

थांबलो.
विसरला होता की थांबला होता,
सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मला कळेना.
डब्यात साबणाची जाहिरात लागली.
नातू म्हणाला, "आज्जा, आवाज वाढवू?"