एकोणिसाव्या मिनिटाला

कंपूतल्या घरी, मधल्या खोलीत,
इस्त्रीच्या टेबलावर पांढरा फळा उभा करून
मी बत्तीस तास गणित शिकवलं.
समोर कोणी नव्हतं.
पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला एक फोन,
आणि दाराबाहेर नवरा,
कुकरची शिटी होऊ नये म्हणून
गॅसपाशी पहाऱ्याला.

वर्गात मी विनोद करते तो एकच:
मर्यादेच्या जवळ जवळ जाणारा
पण कधीच न पोचणारा
हजिऱ्याचा टेंपो.
तो मी फोनला सांगितला.
हसण्यासाठी जागा सोडली, सवयीने.
ती जागा अजून तशीच आहे त्या व्हिडिओत,
तीन सेकंद,
एक बाई भिंतीकडे बघून थांबलेली.

मग आकडे यायला लागले.
नोंदणी दोनशे अकरा.
पहिला व्हिडिओ शेवटपर्यंत: एकशे चार.
सातवा: एकोणचाळीस.
बाकीचे कुठे गेले हे तक्ता सांगत नाही.
तक्ता सांगतो की लोकेंद्र कुशवाह, भिंड,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आला,
अकरा मिनिटं बसला, गेला.
झोप लागली, डेटा संपला,
की कोणी हाक मारली,
यासाठी रकाना नाही.
फरहीन मला दीडपट वेगाने ऐकते.
मीही ऐकून पाहिलं एकदा स्वतःला तसं:
दूधवाल्याशी भांडणारी,
उशीर झालेली कोणीतरी.

एका व्हिडिओच्या आलेखाला मात्र उंचवटा होता.
सगळा उतारच उतार, किल्ल्यावरून खाली आल्यासारखा,
आणि एकोणिसाव्या मिनिटाला
एकदम टेकडी.
लोक तिथे परत येत होते.
काही चारदा.
एक जण नऊदा.

मला बरं वाटलं.
तिथे माझं ते सुंदर इंटिग्रेशन असणार,
जे मी वीस वर्षं घासूनपुसून ठेवलंय
चांदीच्या तांब्यासारखं.
चहा घेऊन बसले बघायला.

तिथे माझी चूक होती.
उत्तर ऋण यायला हवं, आलं धन,
आणि मी, तोवर नीट हिंदीत बोलणारी,
फळ्याकडे वळून म्हणाले,
अगं बाई, वजा कुठे गेला?
मग पाठ कॅमेऱ्याकडे.
बोट एकेका ओळीवरून मागे, वर,
पाचवी, चौथी, इथे नाही, इथेही नाही,
तिसऱ्या ओळीत कंसापाशी थांबलं.
हां.
ओढणीच्या टोकाने पुसलं,
एक आडवी रेघ मारली,
आणि पुन्हा खाली उतरत आले, हिंदीत.
सव्वा मिनिट.
हे कापायचं राहिलं होतं,
कारण कापणारा भाचा लग्नाला दतियाला गेला होता.

भाचा आता परत आलाय.
दोनदा विचारून झालंय त्याचं,
मावशी, ते काढून टाकू ना?
थांब म्हटलं. पेपर होऊ देत.

पेपर झाले.
उत्तरपत्रिकांवर नावं नसतात,
नुसता आकडा, आणि वर चिकटवलेली पट्टी.
कोणाचं अक्षर डावीकडे कललेलं,
कोणी शाईच्या डागाभोवती चौकट काढलेली.
सत्तेचाळिसाव्या गठ्ठ्यात नव्हे, सत्तेचाळिसाव्या पेपरात
(त्या दिवशी मीही थकले होते)
प्रश्न पाचवा, अर्ध्यावर खोडलेला,
आणि समासात पेन्सिलीने,
अनुस्वार विसरून,
हिंदी पोराने किंवा पोरीने मराठीत लिहिलेलं:
अग बाई वजा कुठे गेला

तिथून बाण, वर, तिसऱ्या ओळीपर्यंत.
सापडला होता.
पुन्हा खाली उतरताना
आणखी एक हरवला होता, तो नाही सापडला.
उत्तर चूक.

मी पट्टी उजेडात धरून पाहिली नाही.
म्हणजे, धरली,
पण काही दिसलं नाही.

दहापैकी सहा दिले.
गठ्ठा बांधला, सुतळी शोधली,
गठ्ठा सोडला.
सात.