प्रश्न क्रमांक चौदा

घरापासून दवाखाना किती किलोमीटर?
चौकटी चार : पाचच्या आत, पाच ते वीस,
वीस ते चाळीस, चाळीसच्या वर.

नेत्रावळीच्या पुढे, जिथे कदंबा बस वळते
आणि ड्रायव्हर इंजिन बंद करून तोंड धुतो,
तिथे दुर्पदी वेळीप सोलं वाळत घालत होती.
मी संमतीपत्र वाचलं :
तुमचं नाव कुठेही येणार नाही.
‘बरें जालें,’ ती म्हणाली,
‘रेशनकार्डावरही चुकीचंच आहे.’

चौदावा वाचला तेव्हा ती मोजायला लागली,
बोटांवर नव्हे, सोलांवर.
एक सोल : सासूला सांगितलं दाढ दुखते.
दुसरं : सहाची बस, सांग्यापर्यंत.
तिथे सोनोग्राफीचा डॉक्टर बुधवारी येतो,
आणि तो गुरुवार होता.
मग केपे. मग मडगाव, तिथली खिडकी
अकराला बंद होते, ती पोचली सव्वाअकराला,
परत दुसऱ्या दिवशी, परत दाढ.
खिडकीमागची बाई म्हणाली, नवरा कुठाय?
ट्रक घेऊन हुबळीला.
मग सही आणा त्याची.

सही लागत नाही, हे मला पाठ आहे :
प्रशिक्षणाचा दुसरा दिवस, पणजीतला एसी हॉल,
पुढ्यात खारे काजू.
तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.
खिडकीमागच्या बाईलाही नसेल सांगितलं.
किंवा असेल.

पुढचं सोल तिने हातातच धरून ठेवलं.
मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या,
पाचशेच्या दोन हजारांना.
किती घ्यायच्या ते बोटांनी दाखवत होता,
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि बोटं मिटली.
तीन की चार, ते राहूनच गेलं.
तीन दिवस ती कुळागरातल्या मांगरात पडून होती.
जेवण कोण आणायचं, विचारलं (हा प्रश्न फॉर्मात नाही).
‘धाकटी जाव. रात्री. कंदील न घेता.’
तिच्या मनगटावरून लाल पाणी कोपरापर्यंत उतरलं.
मला काहीतरी सुचत होतं, ते मी लिहिलं नाही.
ते सोलांचं पाणी होतं.

‘मग किलोमीटर किती लिहू?’
‘तूच बघ. तू शिकलेली.’
डॉ. आल्दिना फोनवर म्हणाल्या, नकाशा उघड,
सरळ रेषेत मोज.
तेहतीस आले. घार जाईल तसे.
तिसरी चौकट.

‘आता माझा एक,’ दुर्पदी म्हणाली.
‘तीच जाव. दोन महिने झालेत. तिसरं.
तिला नको आहे. कुठे जायचं, कुठल्या वाराला?’

नियमावली, पान सहा :
मुलाखत संपेपर्यंत माहिती देऊ नये,
उत्तरं बदलतात.
अजून एकतीस प्रश्न बाकी होते.
मी बसचं तिकीट काढलं, मागच्या बाजूला
वार लिहिला, खिडकीचा नंबर, सिस्टरचं नाव,
आणि ‘सही नको’. त्याखाली दोन रेघा,
पेन तिकिटातून आरपार गेलं.
तिने ते वाचलं नाही, तिला वाचता येत नाही.
चार घड्या घालून ब्लाऊजमध्ये ठेवलं
आणि म्हणाली, विचार पुढचं, बस सुटेल.

पंधरावा : मिळालेल्या सेवेबाबत आपण समाधानी आहात का?
ती इतकी हसली की कोंबडं दचकलं.

बस खरंच सुटत होती.
तिने कागदात सोलं बांधून दिली, नको म्हणता येईना,
तीही नियमावलीत आहेत, पान नऊ, भेटवस्तू.

जूनमध्ये ऑफिसात जेस्टन फॉर्म भरत होता,
दोनशे बारावर थांबला. चौदावर डाग पडलाय,
चौकट दिसत नाही, नव्याण्णव टाकू?
नव्याण्णव म्हणजे उत्तर नाही.
मी म्हटलं, आज बुधवार का रे?
गुरुवार, तो म्हणाला,
आणि पुढच्या फॉर्मकडे गेला.