विश्वामित्रीची रेघ

दलाल म्हणाला, बेन, रविवारी पार्टी येतेय,
भिंत तेवढी कोरी करा.
समा रोडच्या या टेनामेंटात
कमरेच्या वर पुराची रेघ आहे.
पुट्टी झाली, रंगाचे दोन हात झाले,
ती परत वर येते
बशीतल्या चहाच्या वर्तुळासारखी.

भंगारवाले हेमुभाई काटा घेऊन दारात.
काय देऊ?
बाबांच्या सतरा किल्ल्या, कुलूप एकाचंही नाही.
पाणी प्यालेलं शिवणयंत्र.
कुणाच्या तरी मुंजीतले
अजून कोरे असलेले नऊ स्टीलचे पेले.

पुण्याहून शरयूचा फोन : फेकून दे गं सगळं.
सगळं म्हणजे किती,
ते फोनवर मावत नाही.

ब्रश हातात तसाच, फरशीवर बसले.
बसल्यावर रेघ बरोबर नाकाच्या वर आली.
तिथूनच म्हटलं,
हेमुभाई, काले आवजो.