सहाशे तेरा

हिंदुराव नाईकवड्यांकडं वही नव्हती.
उद्यमनगरात, भट्टीच्या मागच्या खोलीत
एकोणीस मांडण्या, सहाशे बारा लाकडी पॅटर्न,
आणि कुठला कुठं, ते सगळं टोपीखाली.
"जयसिंगपूरचा इंपेलर?"
"सातवर. उंदरानं कान खाल्लाय बघ, त्येच्या शेजारी."

मामा मला म्हणाले, याचं डोकं तेवढं कॉम्प्युटरात घाल.

खोक्यावर लॅपटॉप, कळांच्या फटीत भाजलेली काळी वाळू.
मी ऑकमध्ये एक ॲरे उघडला.
त्यांना सांगितलं, इथं एक-दोन-तीन मोजायचं नाही,
चौकटी कंसात नाव लिहायचं, बरोबरच्या खुणेपुढं जागा.
नाव म्हणजे किल्ली.
"आणि जुडगा कुणाच्या कमरंला?"
मला काही सुचलं नाही. चहा आला, बरं झालं.

अकरा दिवस ते बोलले, मी टाइप केलं.
तिरळी पुली.
बापूसोचं बिनपैशाचं.
रडवी मोटरबॉडी, कारण तीनदा ओतली
आणि तिन्ही वेळा पोटात फोड.
मी म्हटलं, नंबर देऊया का सगळ्यांना, सुटसुटीत?
ते माझ्याकडं असं बघत राहिले
जसं कुणी त्यांच्या पोरांना नंबर द्यायला सांगितलंय.

शेवटी मोजलं तर सहाशे अकरा.
पुन्हा मोजलं. अकराच.
संध्याकाळी सापडलं: कागलचं फ्लायव्हील दोनदा लिहिलेलं.
दुसरं पहिल्यावर जाऊन बसलं होतं,
आवाज नाही, तक्रार नाही, लाल अक्षर नाही.
"एका नावावर एकच राहतं इथं," मी म्हणाले, "मागनं आलेलं."

ते उठले. बाराव्या मांडणीवरून
काढून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.
सागवान. पाठीवर पेन्सिलीनं अठ्ठ्याऐंशी साल, त्यांचंच अक्षर.
"ह्ये हाय की."
फुंकर मारली, धूळ माझ्याच तोंडावर.
मग बराच वेळ गप्प. मग,
"थोरलं लिही म्होरं."

यादी छापली तेव्हा सगळी नावं उलटीपालटी.
मी ओशाळून म्हणाले, हा ॲरे क्रम पाळत नाही,
घातलं तसं बाहेर येत नाही.
ते कागद लांब धरून वाचत होते.
"माज्या डोसक्यात तरी कुटं रांग हाय?
हाक मारली की येतंय."

चैत्रात गुडघ्यानं त्यांना गावी नेलं, राधानगरीकडं.
आता मांडण्यांपुढं मी बसते.
परवा इचलकरंजीहून एक जण आला, पांढरा सफारी, घाई,
म्हणाला, घोडनाल्या गिअर पाहिजे.
मी ॲरेला विचारलं. पडद्यावर कोरी ओळ.
तो गेला. स्क्रिप्टनं रोजच्यासारखी
सगळी नावं फाइलीत परत लिहिली, खाली आकडा दिला:
सहाशे तेरा.

खोड माहीत आहे मला ही.
नसलेल्याचं नाव घेऊन जागा विचारली
की ऑक त्याच्यासाठी जागा करतं, रिकामी, नावासकट.
आधी विचारायचं असतं, आहे का म्हणून,
दार न उघडता, बाहेरूनच.
मी सरळ आत गेले.

रात्री फोन केला. मागं म्हशीचा आवाज.
"घोडनाल्या?" ते खोकेपर्यंत हसले.
"त्यो कवा केलाच न्हाई, पोरी. त्यो गडी दरसालाला येतोय,
इचारतोय, जातोय. सतरा-अठरा वर्सं झाली."
मग थोडं थांबून,
"माज्या बी डोसक्यात हाय त्यो. नाव तेवढं.
म्होरं काय न्हाई."

पुसायला एक ओळ पुरते.
भट्टी विझवल्यावर लोखंड तडतडतं तसं
बाहेर काहीतरी तडतडत होतं.
मी लॅपटॉप मिटला, कळांतली वाळू झटकली,
आणि मामांना सकाळी
आकडा सहाशे बाराच सांगितला.