एकोणीस-वीस

मॉडेल तेच आहे, एनेको तिसऱ्यांदा म्हणतो.
बिल्बाओहून सकाळच्या बसने आलाय.
माझ्या टेबलावरच्या फडक्यावर आजोबांचं पिस्तूल,
नळी कायमची बुजवलेली, तसा दाखला सोबत.
भिंतीवर टांगायचंय फक्त,
पण घोडा चढून राहत नाही, तेवढं त्याला खुपतं.
लिलावात सुटा घोडा मिळाला म्हणे.
तोच शिक्का, तीच खाच.
आणि बसत नाही.
सूतभर लांबची गोष्ट, केसाच्या निम्म्याने अडतं.

नंबर बघते. बेचाळीस हजारांतलं.
सुटा भाग तीस-एकतीस हजारांतला असावा.
मधे किती घाणे निघाले असतील!

घाणाच म्हणते मी.
आई जत्रेत चुरो तळायची.
पहिला फिका, तिसरा खमंग,
सातव्याला तेल दमलेलं असायचं.
पीठ एकाच परातीतलं.

त्याला सांगते:
संपाच्या वर्षी पोलाद दुसरीकडून आलं,
पाणी देताना वेगळंच आक्रसायचं.
कटरला धार लावली की कटर तेवढा कमी होतो,
त्याने पाडलेली खाचही.
मापायचं गेजसुद्धा झिजतं.
खोटं बोलत नाही ते, हळूहळू मत बदलतं.
नकाशाच्या कोपऱ्यात कुणी पेन्सिलीने लिहितं, "तात्पुरतं",
आणि ते तात्पुरतं एकोणीस वर्षं चालतं.

शिवाय एगो नदीवरच्या त्या कारखान्यात
सगळं होतच नव्हतं, बाबा.
निम्मं काम चढावरच्या स्वयंपाकघरांत.
जेवणाचं टेबल पुसायचं, पकड आवळायची, कानस काढायची.

एवढं सांगते. पुढचं सांगत नाही.

माझे वडील, बालेंटिन, घोड्यांच्या खाचा करायचे.
शनिवारी दोनशे, पावाच्या टोपलीत घालून खाली न्यायचे,
वरून रुमाल, जणू गरम आहेत.
चाळीस हजारांच्या आसपास त्यांच्या डोळ्यांत
दूध सांडलं.
कुणाला बोलले नाहीत. रोजी गेली असती.
मला दिव्याजवळ बसवलं, हातात माप दिलं:
तू फक्त आकडा सांग, किटेरिया.

मी नऊ वर्षांची.
शाळेत दशांश चिन्ह अजून आलं नव्हतं.
दोन आकड्यांच्या मधे रेघ दिसली
की मी बेधडक पुढचा आकडा सांगायची.
ते मान डोलवायचे, कानस आणखी दोनदा फिरायची.

खाली तपासनीस सेनॉन. तो खाच उजेडात धरायचा,
मग टोपलीकडे बघायचा, मग वडिलांच्या बुटांकडे.
"एकोणीस-वीस," म्हणायचा, आणि शिक्का मारायचा.
जोडणीवाले चापाचा दात थोडा जाड ठेवायचे.
झालं. प्रत्येक पिस्तूल आपल्यापुरतं बरोबर,
शेजारच्याशी मात्र जमायचं नाही.

ती कुठे गेली, कुणाच्या कमरेला लागली,
कुणासमोर निघाली,
आमच्या चढावर कुणी विचारलं नाही.
मापाचंच तेवढं विचारायचे सगळे.
मीसुद्धा.

दशांश पुढच्या वर्षी शिकले.
शिकले त्या रात्री जेवले नाही.
वडिलांना वाटलं, ताप आहे.

आता सुटा घोडा पकडीत धरते,
खाचेवरून कानस फिरवते. एक. दोन.
माप कपाटातच आहे. नखाने बघते.
तिसरा हात देते, तो माझ्या त्या वयाचा.
टक्.
घोडा चढतो आणि थांबून राहतो.

एनेको खूश. पाकीट काढतो.
मग दारातून वळून विचारतो:
पण मूळचं माप कुठलं हो? यातलं बरोबर कुठलं?

पोलाद वेगळं होतं, मी म्हणते.
पावती लिहिते. हिशोब येतो
सतरा युरो साठ सेंट.
पेन जरा थबकतं.
अठरा नाही लिहीत.