न उचलायचा फोन

शाहूपुरीत मुल्लांच्या तौफिकनं
ह्यांच्या फोनवरचं नेट बंद करून दिलं.
‘काकी, तिकडनं फोन आला तर उचलू नका.
उचलला की मीटर पडलं.’

मग ठरलं.
एक रिंग : पोचलो.
दोन : जेवलो.
तीन : उद्यमनगरात कळव,
जर्मनवाल्यांना आपलं कास्टिंग पसंत पडलं.

नऊ दिवस
वाजणाऱ्या फोनसमोर मी
हात मागं बांधून.

काल रात्री एकला वाजला.
दोन. तीन.
चार.
चारचं काही ठरलंच नव्हतं.
पाच. पदरानं हात पुसला.
सहा.
थांबला.

सकाळी हॉटेलच्या वायफायवरनं मेसेज :
‘काही नाही गं.
आपल्या घरात वाजतोय,
ते ऐकत बसलो.’

तौफिक म्हणतो, ह्याचं बिल येत नाही.
बघू.