पाथरी रोडचे खांब

तिचं नाव फुटाणी.
दुसरं कुत्रं दिसलं की भट्टीतल्या वाळूतून उडावी तशी उडते, म्हणून.
चार महिन्यांची. एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरत नाही.
संबोधीनं तिला सेलूच्या मोंढ्यामागून आणली,
सरकीच्या पोत्याखालून ओढून,
आणि आठ दिवसांत स्वतः गेली नांदेडला, नर्सिंगला.
जाताना म्हणाली, पप्पा, हिला भेव वाटतं,
ओरडू नका.

मला काय वाटतं, ते विचारलं का कुणी?
सातवीत असताना पिसाळलेलं चावलं होतं.
चौदा इंजेक्शनं, बेंबीभोवती,
रोज एसटीनं परभणीला.
पुढं एकतीस वर्षं खांबावर चढलो,
अकरा केव्हीला भ्यालो नाही,
पण उतरताना आधी बघायचो,
बुडाशी कुत्रं तर नाही बसलेलं.

नाक्यापासून हबीबच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत सात खांब.
पाचवा जरा वाकडा. तो माझ्याच हातचा.
हबीबच्या दारात एक तांबडं कुत्रं झोपतं,
जुन्या टायरात अंग मुडपून,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
त्याच्यामुळं मी सायकल ढकलत स्टेशनापर्यंत नेतो
आणि बायकोला सांगतो, तिकडचा माणूस स्वस्त लावतो.

संबोधीनं फोनवर शिकवलं:
लांब थांबा. तिला दिसेल, पण ती उडणार नाही, इतकं लांब.
तिनं बघितलं की अंड्याचा तुकडा.
भुंकायच्या आधी, पप्पा. आधी.

पहिल्या दिवशी सातव्यापाशीच उडाली.
पट्टा माझ्या मनगटाला दोन वेढे.
मी खेचला, ती आणखी उडाली,
तिकडं तांबड्यानं डोळासुद्धा उघडला नाही.
हबीब ओरडला,
लाईनमन साब, कोण कोणाला फिरवायलंय?

घरी येऊन वळ बघत बसलो.
हाताखालच्या पोरांना जन्मभर दटावलं:
लाईन बंद असली तरी आधी अर्थिंग दे,
तारेत राहिलेला करंट दिसत नसतो.
आणि इथं मी पट्ट्याचीच तार केली होती.
एका टोकाला ती,
दुसऱ्या टोकाला सातवीतलं पोरगं.

दुसऱ्या दिवशी वेढे सोडले.
चपला काढून मातीत उभा राहिलो,
डिसेंबरच्या गार मातीत, येड्यासारखा.
जे काय असेल ते टाचेतून खाली जाऊ दे.
पट्ट्याला झोल दिला.
ताणून बांधलेली तार थंडीत तुटते,
हे मला कुणी सांगायला नको.

सातव्या खांबाला नऊ दिवस गेले.
सहाव्याला तीनच.
वाकड्यापाशी कापसाच्या ट्रॅक्टरमागून भलतंच एक काळं निघालं
आणि सगळं मुसळ केरात.
फुटाणी दिवसभर पलंगाखाली.
मला भाकर गेली नाही.
बायको म्हणाली, दोघं बी सारखेच,
आणि दोघांच्या ताटल्या एकदमच उचलल्या.

परत सातवा.
परत अंडं उकडणं, सोलणं, खिसा पिवळा.

काल चौथा.
धुक्यात तुरीचं शेत अर्धंच दिसत होतं.
तांबडं टायरातून उठलं,
पुढचे पाय लांब करून आळस दिला,
आमच्याकडं बघितलं.
फुटाणीच्या पाठीवर केसांची रेघ उभी, शेपटीपर्यंत.
माझ्या बेंबीभोवती काहीतरी हललं.
मी पट्ट्याकडं बघितलं. झोल तसाच.

आणि तिनं मान वळवली.
तिकडून काढून माझ्याकडं.
आता काय करायचं, म्हणल्यासारखी.

तुकडा बिकडा नाही, अख्खं अंडं दिलं.
हात जरा ओला झाला तिच्या तोंडानं,
तो मी लगेच पुसला नाही.

रात्री फोन. किती राहिले, पप्पा?
चार.
घाई करू नका.
म्हटलं, मला कुठं घाई आहे.
सायकल महिनाभर बसलेलीच आहे.
बसू दे अजून.